अगोदर आलेला

१

निवृत्त झाल्यावर पहिले काही आठवडे यज्ञेश्वर बोरामणीकर रोज सकाळी दाढी करायचा, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि मग आपल्याला कुठंच जायचं नाही हे आठवून पुन्हा खुर्चीत बसायचा. पाटबंधारे खात्यात त्याची सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली होती. कालवे, चाऱ्या, पाटांची वळणं. जुळे सोलापुरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये मात्र त्याला स्वतःला वळायला जागा नव्हती. स्वयंपाकघरात गेला की मालतीच्या पायात यायचा, गॅलरीत गेला की वाळत घातलेले कपडे तोंडावर यायचे.

एका रविवारी मालती त्याला म्हणाली, की जन्मभर 'एकदा निवांत भेटू' म्हणत ज्यांना टांगून ठेवलंत, त्यांना आता भेटून तरी या. नवऱ्याला चार तास घराबाहेर काढायचा तिचा बेत असणार, हे त्याला कळत होतं. पण गोष्ट खरी होती. भेटायची माणसं होती आणि त्यांच्याशी बोलायचंही राहिलेलं होतं.

पहिला शिवपुत्र. आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या वर्गात दोघांची टेबलं शेजारी होती. पुढं शिवपुत्र वडिलांच्या भांड्यांच्या दुकानात बसला आणि भेटीगाठी लग्नाकार्यापुरत्या उरल्या. मग त्याही उरल्या नाहीत. यज्ञेश्वरनं मुद्दामच फोन केला नाही. अचानक जाऊन उभं राहायचं, त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं, असं ठरवून तो बाळीवेशीत स्कूटर लावून जिना चढला.

दार शिवपुत्रनंच उघडलं. केस गेले होते, पोट सुटलं होतं, भुवया मात्र त्याच. यज्ञेश्वर हसून काही बोलणार, तेवढ्यात शिवपुत्र म्हणाला, "काय विसरलास?"

ही त्याची जुनी खोड असणार असं यज्ञेश्वरला वाटलं. वर्षानुवर्षांनी भेटलेल्या माणसाशी कालचं बोलणं पुढं चालू असल्यासारखं बोलायचं. तोही हसला आणि आत जाऊन बसला. थोड्या वेळानं शिवपुत्रची बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, बिनसाखरेचाच केलाय.

मागच्या दिवाळीत त्याला साखर निघाली होती. ते मालतीला आणि डॉक्टरांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. लोक उगाच सल्ले देतात म्हणून त्यानंच ते घरातल्या घरात ठेवलं होतं.

तो वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल सांगायला लागला. शिवपुत्र माना डोलवत होता, पण ऐकलेलं पुन्हा ऐकताना डोलवतात तशा. शेवटी त्याला राहवेना.

"अरे, हे सगळं गुरुवारी सांगितलंस की," तो म्हणाला. "जेवणाच्या वेळेपर्यंत बसला होतास. साखर हाय म्हणालास, तरी गव्हाची गोड हुग्गी दोनदा घेतलीस. वडिलांचं सांगताना रडलास बी. मी म्हटलं बायकोला, ह्याला मी कधी असा बघितलाच न्हवता."

यज्ञेश्वर हसायचा थांबला. निघताना जिन्यात शिवपुत्रची बायको त्याच्यामागं आली. भाऊजी, पुढल्या वेळी वहिनींना घेऊनच या, असं ती हळू आवाजात म्हणाली, आणि आजारी माणसाकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं बघितलं.

२

मालती ऐकून आधी हसली. शिवपुत्र पहिल्यापासून चेष्टेखोरच, असं तिचं म्हणणं. मग यज्ञेश्वरनं चहाचं सांगितलं. त्यावर तिनं विचार करून सांगितलं, की तुमच्या दाताच्या डॉक्टरांकडं त्यांचा मुलगा जातो, तिथून कळलं असेल. हे त्याला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पण रात्रीचं जेवण होईस्तोवर त्याच्या डोक्यात गुरुवारच फिरत होता. गुरुवारी आपण कुठं होतो, असं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घरीच की," मालती म्हणाली. आणि मग पोळी उलटता उलटता, "सकाळी मी बँकेत गेले होते, तेवढा वेळ सोडला तर."

तेवढ्या वेळात तो गॅलरीत पेपर वाचत होता. हे त्याला पक्कं आठवत होतं. खुर्ची आठवत होती, शेजारच्या फ्लॅटमधून येणारा मिक्सरचा आवाज आठवत होता. पेपरात काय होतं ते मात्र एक अक्षर आठवेना. त्यानं रद्दीतून गुरुवारचा पेपर काढून बघितला. सगळ्या बातम्या नव्या वाटल्या. मग त्यानं बुधवारचा काढला, शुक्रवारचा काढला. त्याही नव्याच वाटल्या. माणूस पेपर वाचतो आणि विसरतो, यात विशेष काय, असं स्वतःला सांगून त्यानं रद्दी पुन्हा नीट रचून ठेवली.

३

भुवनेश्वरीबाई त्याच्या ऑफिसात हेडक्लार्क होत्या. तो नवीन लागला तेव्हा गावाकडून आलेला, बुजरा, दुपारी डबा नसला तर पाणी पिऊन बसणारा पोरगा होता. बाईंनी काही न बोलता रोज आपल्या डब्यातली एक पोळी जास्त आणायला सुरुवात केली. त्याचं लग्न होऊन मालती डबा द्यायला लागेपर्यंत ती पोळी येत राहिली. त्याबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता. तो शब्द त्याला आता बोलायचा होता.

आपण त्यांच्याकडं जाणार हे त्यानं या खेपेला कुणाला सांगितलंच नाही. सकाळी दाढी करताना ठरवलं आणि निघाला. होटगी रोडला बाई भाचीच्या बंगल्यात खालच्या खोलीत राहत. वय झालं होतं, पण बसणं अजून ऑफिसातल्यासारखं, ताठ.

"ये," त्या म्हणाल्या. "आज पण आलास? बरं केलंस. पण मी जरा दमलेय हं. काल बोलणं लांबलं."

तो दारातच उभा राहिला. काल आपण आलो नव्हतो, हे त्यानं अगदी सावकाश, एकेक शब्द करून सांगितलं. बाईंनी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. त्या त्याला बसवून घेऊन म्हणाल्या, "तू पोळीचं बोललास ना, ते मला रात्रभर पुरलं. आपलं कुणाच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं."

यज्ञेश्वरच्या घशात तेच वाक्य होतं. जसंच्या तसं, जुळवून आणलेलं. ते आता बोलायची सोय राहिली नव्हती. कुणीतरी आपलं ताट जेवून गेलं आणि आपण हात धुऊन पाटावर बसलो आहोत, असं काहीतरी त्याला वाटलं. त्याहून वाईट म्हणजे बाईंना झालेला आनंद खरा होता.

भाचीनं काल दोघांचा फोटो काढला होता. बाईंनी तो मोबाइलवर शोधून दाखवला. सोफ्यावर बाई हसत होत्या आणि शेजारी निळ्या चौकड्याचा शर्ट घातलेला एक माणूस त्यांच्याकडं तोंड करून बसला होता. कान दिसत होता, गाल दिसत होता, चष्म्याची दांडी दिसत होती. निळ्या चौकड्याचा शर्ट यज्ञेश्वरकडं होता. काल तो इस्त्रीवाल्याकडं होता. पण असले शर्ट सोलापुरात हजारांनी असतील. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला, तसा चेहरा विस्कटत गेला.

त्या माणसानं एक पाय सोफ्यावर मुडपून घेतला होता आणि गुडघ्याला हातांची मिठी मारली होती. दुसऱ्याच्या घरी इतकं निवांत यज्ञेश्वर जन्मात बसला नव्हता.

"हा मी नाही," तो म्हणाला.

बाईंनी मोबाइल परत घेतला, फोटोकडं बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं. त्याच्याकडं बघताना त्यांना जास्त वेळ लागला.

४

मालतीनं त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, कागदावर घड्याळ काढायला लावलं. नकाशे काढणाऱ्या माणसानं ते इतकं सुबक काढलं, की डॉक्टरांना हसू आलं. नोकरी सुटल्यावर होतं असं, झोपेची गोळी देतो, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. येताना रिक्षात मालतीनं त्याचा हात धरून ठेवला होता. आपल्याला विसरायला होतंय असं तिला वाटतंय, हे यज्ञेश्वरला कळत होतं. त्यालाही तसंच वाटावं अशी त्याची फार इच्छा होती. विसरणं निदान आपलं असतं.

आता एकच माणूस राहिला होता, कुंडलिक जगताप सर. करमाळ्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. यज्ञेश्वरच्या वडिलांकडं गावच्या देवळाची पूजा होती आणि थोरल्या मुलानं तीच पुढं चालवायची, हे घरात ठरून गेलेलं होतं. सर सायकलवरून गावात यायचे आणि देवळाच्या ओट्यावर वडिलांशेजारी बसायचे. वाद घालायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, भटजीबुवा, ह्या पोराच्या हातात रेघ आहे. असे किती वेळा आले कोण जाणे. शेवटी वडील कंटाळून हो म्हणाले. सोलापूर, नोकरी, मालती, सगळं त्या एका होकारातून आलं होतं. आणि त्याबद्दल यज्ञेश्वर सरांशी कधी बोलला नव्हता.

ते शब्द तरी आपल्या आधी कुणी बोलू नयेत, एवढंच आता त्याला हवं होतं.

म्हणून त्यानं ठरवलंच नाही. मनात करमाळ्याचं नाव आलं की तो दुसरं काहीतरी मोजायला, आठवायला लागायचा. एक दिवस भाजी आणायला म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडला, रिक्षात बसला, स्टँडवर उतरला आणि समोर करमाळ्याची पाटी दिसल्यावर गाडीत चढला. फोन बंद करून टाकला. टेंभुर्णी गेलं, मग उजनीच्या पाण्याकाठची केळी आणि उसाचे ट्रॅक्टर दिसायला लागले, तेव्हा कुठं त्यानं स्वतःशी कबूल केलं की आपण सरांकडं चाललोय.

५

वेशीजवळच्या बोळात सरांचं घर होतं. दार एका बाईनं उघडलं. सरांची सून विजयमाला. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत निरखलं.

"कोण पायजे?"

यज्ञेश्वरला एकदम रडू यायचं बाकी राहिलं. ती आपल्याला ओळखत नाही. इथं कुणी आलेलं नाही. त्यानं नाव सांगितलं, सरांचा जुना विद्यार्थी म्हणून सांगितलं. ती म्हणाली, या की, पण दादांना आता दिसत न्हाय, आवाजावर वळखत्यात. मोठ्यानं बोला.

सर खाटेवर उशाला टेकून बसले होते. अंगानं अगदी वाळून गेले होते. यज्ञेश्वर समोरच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "सर, मी यज्ञेश्वर. बोरामणीकर."

सरांनी मान किंचित वळवली आणि ऐकत राहिले. बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "परत एकदा बोला."

तो परत बोलला. आणि मग थांबला नाहीच. देवळाचा ओटा, सायकल, वडील, रेघ. सगळं बोलून टाकलं. मध्ये कुणी 'हे सांगितलंस की' म्हणालं नाही. ते शब्द त्याचे होते, त्याचेच आणि पहिले.

"बरं," सर म्हणाले.

तेवढंच. यज्ञेश्वर वाट बघत राहिला. सरांनी त्याचं बोलणं खरोखर ऐकलं होतं, पण दुसऱ्याचं पत्र चुकून आपल्याकडं यावं तसं ते त्यांच्या चेहऱ्यावर पडून होतं. वय झालंय, असं यज्ञेश्वरनं स्वतःला समजावलं. या वयात माणसं आतल्या आत असतात. आणि मघापासून ते आपल्याला अहोजाहो का करतायत, हा प्रश्न त्यानं मनात येऊ दिला नाही.

विजयमालानं जेवायचा आग्रह केला. भाकरी, आमटी, शेंगाची चटणी. त्याला फार दिवसांनी भूक लागली होती. सर जेवले नाहीत, त्याच्या दिशेनं तोंड करून गप्प बसून राहिले. जेवण झाल्यावर तो हात धुवायला मागच्या अंगणात गेला. तिथं हौद होता, कडेला जास्वंद होती, मागं बोळात उघडणारं लहानसं फाटक होतं. ऊन रखरखत होतं. त्यानं तांब्यानं पाणी घेतलं आणि आज आपण पहिले आलो, या विचारानं त्याला खूप दिवसांनी हलकं वाटलं.

तेव्हा पुढच्या दाराची कडी वाजली.

६

कुणीतरी आत आलं. विजयमाला काहीतरी बोलली, तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. यज्ञेश्वर ओल्या हातांनी मागच्या दारापाशी आला. दार लोटलेलं होतं. फटीतून सरांची खाट दिसत होती आणि मघाशी तो बसला होता ती खुर्ची.

"सर," एक पुरुषाचा आवाज म्हणाला, "मी यज्ञेश्वर. बोरामणीकर."

तो आपला आवाज आहे का, हे यज्ञेश्वरला सांगता येईना. स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड झालेला ऐकला की परका वाटतो, तसा तो वाटत होता. खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं. विरळ केस, मानेवर आडवी घडी, कॉलरची कडा. यज्ञेश्वर टक लावून बघत राहिला. आपली मान मागून कशी दिसते हे त्याला माहीत नव्हतं. मालतीला माहीत असेल. तिला इथं आणून विचारायला हवं होतं.

"मघाशी आलावता की तुमी," विजयमाला म्हणाली. "जेवलासा पण."

"नाही हो. मी पहिल्यांदाच येतोय."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. ते ओशाळलेपण, तो घाबरा गोंधळ, आपण एवढ्या साध्या गोष्टीबद्दल शपथ कशी घ्यावी ही लाज, सगळं यज्ञेश्वरला आतून ठाऊक होतं. बाईंच्या दारात तो अगदी असाच बोलला होता.

आत जायला हवं. दार ढकलायचं आणि समोर उभं राहायचं. एक पाऊल. त्यानं हात दारावर ठेवला.

खाटेवर सर पुढं सरकले होते. त्यांनी दोन्ही हात समोर धरले होते आणि खुर्चीतला माणूस त्या हातांत वाकला होता. सरांची बोटं त्याच्या कपाळावरून, भुवयांवरून फिरत होती. मघाशी जो चेहरा नुसता ऐकत होता, तो आता उघडला होता.

"यज्ञा," सर म्हणाले. "अरे, किती उशीर केलास."

आणि मग, आवाज खाली आणून, "मघाशी कुणीतरी येऊन बसलं होतं. तुझंच नाव सांगत होतं. बोललं सगळं बरोबर. पण मला वाटलंच, हा काही आपला न्हाय."

यज्ञेश्वरनं दारावरचा हात काढला.

तो हौदापर्यंत मागं सरकला. सगळं आठवत होतं त्याला. सकाळची भाजीची पिशवी, रिक्षा, टेंभुर्णीच्या स्टँडवरचा केळीवाला. पण आत बसलेल्यालाही ते सगळं असंच आठवत असणार. त्यानं खिशातून फोन काढला, सुरू केला आणि मालतीला लावला. तिनं नुसतं 'अहो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

ही व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे, असं फोनमधली बाई म्हणाली.

या वेळेला ती बहिणीशी बोलत असते, असं तो स्वतःला सांगत असतानाच आतून आवाज आला. "अगं, रागावू नकोस. सांगायचं राहूनच गेलं. करमाळ्याला आलोय, सरांकडं. हो, सापडलं घर. जेवून निघतो. गोळी घेतो गं, घेतो."

घरून निघाल्यावर आपण तिला कळवलं नव्हतं. ती सकाळपासून भाजीची वाट बघत असेल, हे इतका वेळ त्याच्या मनातही आलं नव्हतं.

मागचं दार उघडलं. विजयमाला हातात टॉवेल घेऊन उभी होती. तो तिनं त्याच्यासाठीच आणला असावा. तिनं त्याच्याकडं बघितलं, मान वळवून आतल्या खोलीकडं बघितलं आणि पुन्हा त्याच्याकडं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती एवढी घाबरली होती की तिला ओरडताही येत नव्हतं, आणि ती आपल्याला घाबरली आहे हे लक्षात यायला यज्ञेश्वरला थोडा वेळ लागला.

"वैनी," तो म्हणाला.

"तुमी जावा आता," ती अगदी हळू म्हणाली. "दादांना कळायच्या आत जावा."

टॉवेल तसाच हातात ठेवून तिनं दार लोटलं. आतून कडी लागली. सर हसत होते, मोठ्यानं, आणि त्यांच्या हसण्यात दुसरं एक हसणं मिसळत होतं.

यज्ञेश्वर फाटकातून बोळात आला. ऊन तसंच होतं. समोरून एक मोटारसायकल गेली, चालवणाऱ्यानं त्याच्याकडं बघितलंही नाही. आता मालतीचा फोन मोकळा झाला असेल. त्यानं तिचं नाव काढलं, अंगठा त्यावर धरला, आणि तिनं उचललाच तर कोण बोलतोय म्हणून सांगायचं, ते त्याला सुचेना.